इराने ताफा सोडावा का?

पत्र असं आहे:

"नमस्कार. पहिलीच कादंबरी लिहितेय आणि एकशे चाळिसाव्या पानावर अडकलेय. माझ्या जगात जमीन नाही, नुसतं पाणी. माणसं ओंडक्यांचे तराफे एकमेकांना बांधून त्यावर राहतात. अशा वस्तीला मी 'ताफा' म्हणते. एका ताफ्यात चाळीस कुटुंबं. जे पकडलं, जे सापडलं, ते सगळं सामाईक कोठारात जातं. 'ताफा आधी, मी नंतर' हे मुलं बोलायला लागायच्या आधीपासून ऐकतात. दर ऋतूत प्रत्येक घर आपल्या हातची एक चांगली वस्तू समुद्राला देऊन टाकतं. माझी नायिका इरा तराफ्यांखाली बुडी मारून दोर आणि ओंडके तपासते. एक दिवस तिला दिसतं की मधले ओंडके आतून कुजलेत. दोन वर्षांत ताफा सुटणार. तिचा मामा वडीलमंडळात आहे. तो म्हणतो, मंडळाला हे ठाऊक आहे, पण कुणाजवळ बोलायचं नाही. इराकडे होडी आहे आणि दुसऱ्या ताफ्याचं बोलावणंही आहे. मी दोन शेवट लिहिले. एकात ती राहते, दुसऱ्यात रातोरात निघून जाते. वाचणारे म्हणतात, पहिला शेवट प्रवचन वाटतो आणि दुसऱ्यात इरा मनातून उतरते. एका मित्राने तर विचारलं, जन्मापासून ताफ्यासाठी जगलेल्या मुलीच्या डोक्यात स्वतःचा विचार येतोच कुठून? मला उत्तर देता आलं नाही. इराने काय करावं? आणि ताफ्याचा तीस पानी इतिहास सुरुवातीला ठेवू की काढू? प्रकरणं सोबत जोडली आहेत.
– पाण्यावरची"

प्रिय पाण्यावरची,

तुमच्या मित्राने दुखणं बरोबर ओळखलंय, बोट मात्र भलत्या जागी ठेवलंय. इराच्या डोक्यात स्वतःचा विचार एकशे चाळिसाव्या पानावर कुठून आला, हा प्रश्नच नाही. त्याआधीची एकशे एकोणचाळीस पानं तो कुठे होता, हा आहे. तुमच्या पहिल्या प्रकरणांत माणसं कोठारात मासे ओततात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कृतार्थ भाव असतात. रिकाम्या टोपलीकडे कुणी वळून बघत नाही. शेजाऱ्याच्या टोपलीत काय आहे हे कुणी डोळ्यांनी मोजत नाही. अशी माणसं मी पाहिलेली नाहीत, तुम्हीही पाहिलेली नसावीत. ज्याच्यात स्वार्थ नाही तो निष्ठावान, असं धरून तुम्ही ताफा उभा केलात. त्यामुळे स्वार्थ जेव्हा येतो तेव्हा तो कुठूनतरी आयात केल्यासारखा वाटतो.

ही माणसं कोठारात मासे टाकतात ते त्यात त्यांचाही फायदा आहे म्हणून. समुद्रावर एकट्या घराचं जाळं आठ-आठ दिवस रिकामं येऊ शकतं. चाळीस घरांची जाळी एकाच दिवशी रिकामी येत नाहीत. पॅराग्वेच्या जंगलातल्या आचे लोकांचा हिलर्ड कॅप्लन आणि किम हिल या मानववंशशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात बारकाईने अभ्यास केला. शिकारीचं मांस तिथे सगळ्या टोळीत वाटलं जाई. गोळा करून आणलेल्या वस्तूंची वाटणी मात्र त्यामानाने बरीच कमी. शिकार आज मिळते, उद्या मिळत नाही, आणि मिळाली तर एका घराला संपत नाही, म्हणून ती वाटायची. जे रोज थोडंथोडं हाती लागतं ते वाटून कुणाला फारसं काही मिळत नाही. म्हणजे औदार्य कुठे दाखवायचं हेसुद्धा गरज ठरवते.

तुमच्या ताफ्यात मात्र सगळंच सामाईक आहे. मासे, पावसाचं पाणी, दोर, सुया, पांघरुणंसुद्धा. हे पटत नाही. पाऊस प्रत्येकाच्या छपरावर सारखाच पडतो. तो एका हौदात ओतून पुन्हा मोजून घ्यायचा खटाटोप चाळीस घरं कशाला करतील? मासे सामाईक ठेवा, मोठी लाकडं सामाईक ठेवा. पाणी आणि सुया घराघरांत जाऊ द्या. इराच्या आईची हाडाची सुई शेजारीण मागायला येते आणि आई 'सापडत नाही' म्हणते, एवढा प्रसंग दहाव्या पानावर आला तरी तुमच्या मित्राचा प्रश्न मिटला. ज्या घरात सुई लपवली जाते त्या घरातली मुलगी होडी लपवू शकते.

आता मामाकडे येते. तुमच्या कादंबरीतलं सगळ्यात मोलाचं पात्र तो आहे आणि तुम्ही त्याच्या तोंडी दोन पानं कर्तव्याचं भाषण घालून त्याला वाया घालवलंय.

१९५० मध्ये अमेरिकेतल्या रँड या संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी एक छोटा खेळ मांडला. गणितज्ञ अल्बर्ट टकर यांनी त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली आणि पुढे तो 'कैद्यांचा पेच' म्हणून गाजला. दोघेही गप्प राहिले तर दोघांना थोडी शिक्षा. एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं तर घेणारा सुटतो, गप्प राहणारा पुरता अडकतो. दोघांनी एकमेकांची नावं घेतली तर दोघेही बऱ्यापैकी अडकतात. डाव एकदाच खेळायचा असेल तर समोरचा काहीही करो, नाव घेण्यातच फायदा. पण फ्लड आणि ड्रेशर यांनी दोन जाणकारांना असाच डाव एकमेकांशी शंभर वेळा खेळायला लावला, तेव्हा साठ डावांत दोघांनीही एकमेकांना साथ दिली. उद्या पुन्हा याच माणसाशी गाठ आहे हे माहीत असलं की आजचा दगा महाग पडतो. तुमच्या ताफ्याची निष्ठा बरीचशी यावरच उभी आहे: चाळीस घरं, चहूबाजूंनी पाणी, उद्या सकाळी पुन्हा तीच तोंडं.

१९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सलरॉड या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने याच खेळाच्या संगणकावर स्पर्धा घेतल्या. दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्ट यांचा अगदी साधा प्रोग्राम जिंकला: पहिल्या डावात साथ द्या, पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच करा. ही जिंकण्याची गोष्ट सगळे सांगतात. तुमच्या उपयोगाचा तपशील वेगळा आहे. पहिल्या स्पर्धेत प्रत्येक सामना बरोबर दोनशे डावांचा होता आणि ते स्पर्धकांना आधीच माहीत होतं. दुसऱ्या स्पर्धेत सामना कधी संपेल हे अनिश्चित ठेवलं. कारण शेवटचा डाव कोणता हे कळलं, की त्या डावात दगा देण्याचा मोह होतो. त्यापुढे वचपा काढायला कुणी नसतं. शेवटच्या डावात दगा होणारच असेल तर त्याच्या आदल्या डावात तरी साथ का द्यायची? आणि त्याच्याही आदल्या? उलटं मोजत गेलं की गळती पहिल्या डावापर्यंत येऊन पोचते.

कुजलेले ओंडके म्हणजे तुमच्या ताफ्याचा शेवटचा डाव. तो कधी आहे हे इराला कळलंय आणि मामाला आधीपासून माहीत आहे. ताफा सुटणार त्याच्या आदल्या आठवड्यात कोठारात मासे कोण टाकेल? कुणी नाही. हे ज्याला कळतं तो त्याच्या आधीच्या महिन्यात टाकेल का? मामाने हा हिशेब रात्र रात्र जागून केलेला असणार. बातमी फुटली की ओंडके टिकतील, पण कोठार रिकामं होईल, दोर तपासायला कुणी उतरणार नाही, ज्यांच्याकडे होड्या आहेत ते आधी सुटतील. म्हणून तो गप्प बसलाय. हे गप्प बसणं निष्ठेपोटी आहे, आणि त्याच वेळी त्याच्या सोयीचंही आहे: मंडळाकडे कोठाराच्या किल्ल्या आहेत, मंडळाची घरं मधल्या कोरड्या भागात आहेत, जोवर लोकांना काही कळत नाही तोवर हे सगळं तसंच राहतं. यातलं खरं कारण कोणतं, हे मामालाही सांगता येऊ नये. तुम्हीही सांगू नका. दोन पानांचं भाषण काढून एकच वाक्य ठेवा: "दोन वर्षं आहेत म्हणतेस ना? सांगितलंस तर दोन महिने."

मात्र मामाचा हिशेब कागदावरचा आहे, आणि माणसं नेहमी कागदाप्रमाणे वागत नाहीत. माझ्या मते तुमची कादंबरी खरी इथे आहे. संकटांत लोक कसे वागतात याचा अभ्यास करणारं एक केंद्र १९६३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात सुरू झालं. पूर, भूकंप, वादळं यांच्यानंतर त्यांचे लोक जागेवर जाऊन चौकशी करत. त्यांना वारंवार हेच आढळलं की घबराट आणि लुटालूट लोक समजतात त्यापेक्षा फार कमी होते. शेजारी शेजाऱ्याला बाहेर काढतात, अनोळखी माणसं रांगा लावून वस्तू पोचवतात. लोक बिथरतील या भीतीने अधिकारी मंडळीच आधी बिथरतात आणि माहिती दाबून ठेवतात, असं पुढे ली क्लार्क आणि कॅरन चेस या अभ्यासकांनी मांडलं. अर्थात पुरातला एक दिवस वेगळा आणि दोन वर्षांचा संथ नाश वेगळा, त्यामुळे मामा साफ चुकलाय असंही म्हणता येत नाही.

मग इरा आणि मामा यांच्यातलं भांडण कशावरून आहे ते बघा. तुम्ही ते 'ती स्वतःचं बघते, तो ताफ्याचं बघतो' असं लिहिलंय. ते भांडण खरं तर असं आहे: सत्य कळल्यावर ही चाळीस घरं कशी वागतील? मामाला लोकांवर भरवसा नाही, म्हणून तो त्यांच्याशी निष्ठेने खोटं बोलतो. इराला भरवसा आहे की नाही हे तिलाच अजून माहीत नाही. राहणं आणि जाणं यातलं काहीही करण्याआधी तिला हा प्रश्न सोडवावा लागेल. तुमच्या दोन्ही शेवटांत ती तो टाळते. पहिल्यात राहून गप्प बसते, दुसऱ्यात निघून जाऊन गप्प बसते. वाचकांना दोन्ही आवडले नाहीत त्याचं कारण एकच आहे.

इराच्या कामाबद्दल थोडं. तुम्ही तिला तपासणीचं काम दिलंत हे फार छान झालं, कदाचित नकळत. सामाईक मालमत्ता टिकते ती चांगुलपणावर कमी आणि राखणीवर जास्त. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते या विषयावरच्या कामासाठी. त्यांनी दिलेलं स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल या डोंगरी गावाचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे १५१७ सालापासून नियम आहे: हिवाळाभर जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसू शकाल तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. जास्त सोडल्या तर दंड. आणि दंड वसूल करणाऱ्या माणसाला त्यातला अर्धा हिस्सा स्वतःला ठेवायची मुभा. म्हणजे गावाचं कुरण राखण्यासाठी त्यांनी राखणदाराची हाव कामाला लावली. हे मला कुठल्याही शपथेपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

इराला बुडी मारण्याबद्दल काय मिळतं? तुमच्या पानांत तिला 'मान' मिळतो. मानावर पोट भरत नाही, शिवाय पाण्याखाली जीव जातो. तिला कोठारातून जादा वाटा द्या, किंवा वडीलमंडळातली जागा कबूल केलेली असू द्या. मग कुजलेला ओंडका तिला दिसतो तेव्हा प्रश्न टोकदार होतो: ज्या गोष्टीची खबर देण्यासाठी तिला वाटा मिळतो, तीच खबर द्यायला तिला मनाई केली जाते आहे.

शिक्षेचं एक प्रकरण घालायचा विचार करा. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी २००० च्या आसपास काही प्रयोग केले. एका गटातल्या माणसांनी सामाईक निधीत पैसे टाकायचे, निधी वाढवून सगळ्यांत सारखा वाटायचा. न टाकणाऱ्यालाही वाटा मिळतोच. सुरुवातीला बरेच जण टाकतात, मग आळशी माणसं फुकट खातात हे बघून टाकणारेही हात आखडता घेतात. पण स्वतःचे थोडे पैसे मोजून फुकट्याला दंड करायची सोय दिली, की लोक तो करतात, परत कधी भेटणार नसलेल्या माणसालाही करतात, आणि निधी पुन्हा भरू लागतो. स्वतःचं नुकसान करून घेऊन दुसऱ्याला धडा शिकवणं हे स्वार्थात बसत नाही आणि निव्वळ परोपकारातही बसत नाही. त्यात राग असतो. तुमच्या ताफ्यात राग कुठेच नाही. पुढे हाच प्रयोग जगातल्या सोळा ठिकाणी झाला तेव्हा काही ठिकाणी एक विचित्र गोष्ट दिसली: जास्त देणाऱ्यांनाही दंड केला गेला. का? कदाचित तुमच्या दानशूरपणामुळे आम्ही कमी दिसतो म्हणून. तुमच्या त्या सदा हसतमुख कोळ्याला, जो रोज सगळ्यांहून जास्त मासे आणतो, त्याला ताफ्यात कुणीतरी मनापासून नावडतं मानायला हवं.

इतिहासाची तीस पानं काढा. हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. क्ले आणि कांडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कुणाचं चित्र आवडलं यावरून गट पाडले, असं मुलांना सांगितलं. आपल्या गटात नेमकं कोण आहे हे मुलांना माहीतही नव्हतं, आणि पैसे वाटताना कुणालाही स्वतःला काही घेता येत नव्हतं. तरी त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढंच नाही, दुसऱ्या गटाशी अंतर वाढत असेल तर आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी अनेकांना चालत होतं. आपलेपणाला मुळात एवढीशी सबब पुरते. ताफ्याच्या स्थापनेची कथा, महापूर, सात पूर्वज वगैरे नसलं तरी वाचक इराला ताफ्याची मानेल. तिने पलीकडच्या ताफ्यातल्या लोकांच्या गाठी मारण्याच्या पद्धतीला नाक मुरडलं, की झालं.

समुद्राला चांगली वस्तू देऊन टाकायची रीत मात्र ठेवा, तुमच्या मित्रांना ती कितीही खुळचट वाटो. सहाव्या प्रकरणात त्यांनी लिहिलेले शेरे मी वाचले. रिचर्ड सोसिस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या सामुदायिक वसाहतींचा अभ्यास केला. धार्मिक वसाहतींमध्ये जिथे सभासदांकडून जास्त त्याग मागितला जाई, खाण्यापिण्याची, पेहरावाची, मालमत्तेची बंधनं जास्त होती, त्या जास्त वर्षं टिकल्या. बिनधार्मिक वसाहतींत मात्र असा संबंध दिसला नाही. बंधनं महाग असली की अर्धवट मनाची माणसं आपोआप गळतात आणि उरलेल्यांना एकमेकांची खात्री पटते. तुमच्या रीतीला जरा धार द्या: 'चांगली वस्तू' म्हणजे कुणाच्या मते चांगली? कुणीतरी सुबक दिसणारी पण आतून भेगाळलेली वल्ही दरवर्षी देत असणार. इराला ते माहीत असणार, कारण खाली उतरल्यावर तिला त्या वस्तू दिसतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. इराने काय करावं?

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मांडलं की घसरणीला लागलेल्या गटातल्या माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणं किंवा तोंड उघडणं. निष्ठेचं काम एवढंच, की ती निघून जाणं लांबवते आणि बोलायला वेळ मिळवून देते. निष्ठावान म्हणजे गप्प बसणारा, हा अर्थ त्यात कुठेच नाही. यातल्या दोन बारीक गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, ज्यांना घसरण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त खुपते तीच माणसं बहुधा आधी निघून जातात, आणि मग मागे बोलणारं कुणी उरत नाही. इरा गेली तर ताफ्याची एक बुडी मारणारी जाईल हे तुम्ही लिहिलंय. ओंडके बघितलेली एकमेव मोकळी जीभ जाईल, हे लिहायचं राहिलंय. दोन, बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन येतं ते तो जाऊ शकतो म्हणून. ज्याला जायला जागाच नाही त्याचं कोण ऐकतं? त्यामुळे इराची होडी ही तिची पळवाट आहे तशीच तिची ताकदही आहे. पहिल्या शेवटात तुम्ही तिला ती होडी कोठाराला दान करायला लावली, आणि मंडळी टाळ्या वाजवतात. ते दान करायला लावू नका. होडी तिच्याकडेच असू द्या, बांधलेली, सगळ्यांना दिसेल अशी.

बिभीषण आणि कुंभकर्ण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. दोघांनाही भावाचं चुकतंय हे कळलं होतं, दोघांनीही ते तोंडावर सांगितलं. एक निघून गेला, एक राहून लढला आणि मेला. कुणी बिभीषणाला घरभेदी म्हणतं, कुणी कुंभकर्णाला आंधळा. पण दोघांपैकी कुणीही आपल्या मनातून उतरत नाही, कारण दोघेही बोलले. बिभीषण न बोलता रातोरात गेला असता तर त्याची गोष्ट कुणी सांगितली नसती. तुमच्या दुसऱ्या शेवटातली इरा नेमकी तशी जाते. ती जाते याबद्दल तुमच्या वाचकांची तक्रार नाहीच.

म्हणून माझा सल्ला: दोन्ही शेवट बाजूला ठेवा आणि मधलं प्रकरण लिहा, ज्यात इरा सगळ्या चाळीस घरांसमोर सांगते. त्यानंतर काय होतं ते तुम्हालाही आधी ठरवता येऊ नये. मामाचं अर्धं खरं ठरेल. दोन-तीन घरं त्याच रात्री होड्या सोडतील. कोठारात दुसऱ्या दिवशी मासे कमी पडतील, शून्य नाही. कुणीतरी इरालाच दोष देईल, कारण तिने सांगेपर्यंत सगळं ठीक होतं. आणि कुणीतरी विचारेल की तिला कळल्यापासून इतके दिवस ती काय करत होती. हा प्रश्न रास्त आहे आणि इराकडे त्याचं चांगलं उत्तर नसावं.

त्यापुढे एक वाट सुचवते, घ्यायची तर घ्या. हटराइट नावाचा एक ख्रिस्ती पंथ उत्तर अमेरिकेत सामाईक मालमत्तेवर राहतो. वसाहत दीडशेच्या आसपास गेली की ते तिची विभागणी करतात: अर्धी माणसं नव्या जागी जातात. काही वसाहतींमध्ये दोन याद्या तयार केल्या जातात, सगळीच कुटुंबं सामान बांधतात, आणि कोणत्या यादीने जायचं हे अगदी शेवटी चिठ्ठी टाकून ठरतं. विचार करा, यात काय साधतं. आपल्या वाट्याला जुनं येणार की नवं हे माहीत नसल्यामुळे प्रत्येक जण दोन्ही जागा नीट व्हाव्यात म्हणून झटतो. स्वतःचं हित आणि सगळ्यांचं हित त्या काही दिवसांपुरतं एकच होऊन बसतं, आणि त्यासाठी कुणाला संत व्हावं लागत नाही. तुमच्या ताफ्याने कुजके ओंडके काढून वीस-वीस घरांचे दोन लहान ताफे करायचे ठरवलं तर चांगली लाकडं कुणाला, हे भांडण चिठ्ठीशिवाय सुटणार नाही. आणि चिठ्ठी टाकायची ठरली की वडीलमंडळातला कोण ती टाळायचा प्रयत्न करतो, हे बघण्यासारखं असेल. मामा करेल का? मला वाटतं, नाही. मामाची बायको करेल.

पलीकडच्या ताफ्याचं बोलावणं तुम्ही अगदीच सरळ घेतलंय. त्यांना इरा का हवी आहे? ती गुणी आहे म्हणून, असं तुम्ही लिहिता. लाकडं सगळीकडे एकाच समुद्रात भिजतात. बुडी मारणारीची गरज त्यांना अचानक का पडली, हे इराने स्वतःला विचारावं. निदान वाचकाने तरी.

शेवटी त्या दोन वर्षांबद्दल. ओंडका किती कुजलाय हे बुडी मारून कळतं, तो कधी तुटेल हे नाही. तारीख इतकी पक्की असेल तर मामाचा हिशेब आपोआप बरोबर ठरतो आणि इराला वादात काही जागा उरत नाही. म्हणून 'दोन वर्षं' काढून टाका. मामाने पाच म्हणावं, इराने एक. ती उभी राहून बोलेल तेव्हा चाळीस घरं तिला तारीख विचारतील आणि तिला ती देता येणार नाही. मामाचं ते 'दोन महिने'वालं वाक्यही मग थोडं बदलावं लागेल. ते प्रकरण लिहून झालं की पाठवा.